देवरे बाईंचं सागवान

खिडकीच्या चौकटीला मी पटाशी नुसती टेकवली. ती चार बोटं आत गेली आणि तिथेच उभी राहिली.

"बघा," मी म्हणालो.

"काय बघू?" देवरे बाई म्हणाल्या.

"आत काही उरलेलं नाही बाई. वरून ऑइलपेंट आहे म्हणून चौकट दिसते. रंग खरवडला तर काचा हवेत उभ्या राहतील."

"सागवान आहे ते."

"असेल. पण कुजलंय."

"सागवान कुजत नाही."

बाई छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं वाक्य संपलं की तो विषयही संपला, असं समोरच्यानं समजायचं असे. मी समजलो. पटाशी उपसून काढली आणि भोकातून पडलेला भुसा त्यांना दिसू नये म्हणून पायानं बाजूला केला.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. नाशिकच्या शिक्षक कॉलनीत बाईंचं बैठं घर होतं. पश्चिमेकडच्या चार खिडक्या गेलेल्या होत्या. यजमान वारून तीन वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला दिलेली. हार्डवेअरच्या दुकानदारानं त्यांना माझा नंबर दिला होता. सोपान मिस्त्री, एवढंच त्यांना माहीत. मी कुणाचा मुलगा, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या दिवशी सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"हे साधं लाकूड नाही," बाई म्हणाल्या. "हे घर बांधलं तेव्हा माझ्या वडिलांनी गावाहून पाठवलं होतं. पेठच्या बाजूला आमचं गाव. वडील तिथले पोलीसपाटील. लेकीच्या घराला खिडक्या माझ्या लाकडाच्या लागतील, असं म्हणाले होते. ट्रकमध्ये भाताचा पेंढा भरून, त्याच्या मधोमध लाकूड ठेवून पाठवलं. का माहितीये?"

"का?"

"ओरखडा पडू नये म्हणून. इतका जीव होता."

मी मान डोलावली. सागवानाच्या ओंडक्याला पेंढ्यात गुंडाळलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पण बापाच्या मायेला सुतारकामाचे नियम लावू नयेत, एवढं मला कळत होतं.

"तर लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या, "चौकटी फोडायच्या नाहीत, सोडवायच्या. चांगलं निघेल तेवढ्या लाकडाचा मला देव्हारा करून पाहिजे. मुलीला द्यायचाय. पणजोबांच्या लाकडाचा देव्हारा तिच्या मुलांना मिळेल."

पहिली चौकट सोडवायला मला दुपार झाली. भिंतीत बसवलेल्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या होत्या, त्यांच्याभोवतीचा गिलावा फोडावा लागला. विटांचे तुकडे, सिमेंट, माती असा गुडघाभर राडारोडा खोलीत साठला. शेवटी चौकट भिंतीतून सुटली आणि मी ती जमिनीवर आडवी करून उलटी केली.

चौकटीची भिंतीकडची बाजू कुणी बघत नाही. तिला डांबर फासतात आणि ती कायमची भिंतीत जाते. पण जुने मिस्त्री त्या बाजूवर पटाशीनं आपली खूण करून ठेवायचे. ही खूण घरमालकासाठी नसते. पुढे कधीतरी कुठला तरी सुतार ती चौकट उपटेल, त्याच्यासाठी असते. डांबराखाली मला तीन तिरके घाव दिसले आणि त्यांच्याखाली एक आडवा.

ती माझ्या वडिलांची खूण होती.

मी वरचा, जरा धड राहिलेला तुकडा उचलला आणि पटाशीनं तासून बघितला. फिकट पिवळं लाकूड निघालं. वास घेतला. दाताखाली धरून बघितलं. मग तुकडा खाली ठेवला. तो आंबा होता. सागवानाचा त्यात अंशही नव्हता.

तुळशीराम मिस्त्री म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. माझे वडील पाच वर्षांपासून अर्धांगवायूनं अंथरुणावर होते, तरी लोक दारं-खिडक्यांचे नमुने घेऊन त्यांच्या खाटेशी येऊन बसायचे. लाकूड खरं की खोटं, हे ते सांगतील तो निकाल. मला कामं मिळायची ती 'तुळशीरामचा मुलगा आहे, फसवणार नाही' म्हणून. त्या माणसानं एका लेकीचं माहेरचं सागवान घेऊन तिच्या भिंतीत आंबा बसवला होता. आणि तिला त्याचा देव्हारा करायचा होता.

"काय झालं?" दारातून बाईंनी विचारलं.

"काही नाही. वाळवी."

"सागवानाला वाळवी?"

"हल्लीच्या वाळवीला काही धरबंध राहिलेला नाही, बाई."

हे लाकूड बाईंच्या नजरेआड करायचं, एवढंच मला सुचलं. मी म्हणालो, यातला एक तुकडा जरी घरात राहिला तरी वाळवी पुस्तकांच्या कपाटात जाईल. देव्हाऱ्यापेक्षा पुस्तकांची भीती मोठी ठरली. बाई म्हणाल्या, "थोडंसुद्धा चांगलं निघालं नाही?"

"नाही."

"बाकीच्या तीन खिडक्यांतून निघेल."

"बघू."

त्यांनी आतून रिकामी पोती आणून दिली. मी लाकडाचे तुकडे तळाशी घातले, वर विटा आणि गिलावा भरला, आणि सुतळीनं तोंडं शिवली. आठ पोती झाली.

आयुष्यभर माणूस वस्तू मिळवायच्या कशा याचीच चिंता करतो. टाकायची कशी, हा प्रश्न पडला की कळतं की आपण किती निराधार आहोत. संध्याकाळी घंटागाडी आली. गाडीवाल्यानं पोत्याला पाय लावून बघितला.

"ओला का सुका?"

"राडारोडा आहे."

"आमच्याकडं दोनच आहेत. ओला आणि सुका."

"सुका धरा ना."

"सुका म्हंजे कागद, पिशव्या. उद्या तुम्ही घर आणून टाकाल, म्हणाल सुकंय."

त्यानं गाणं मोठं केलं आणि गाडी पुढे नेली.

मग मला कॉलनीमागचा रिकामा प्लॉट आठवला. तिथे पाटी होती, 'भराव पाहिजे'. माझ्या मित्राचा छोटा हत्ती टेम्पो घेऊन मी पोती तिथे नेली. राखणदार खुर्चीवर बसून शेंगा खात होता.

"लाकूड आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"लाकूड नको. शेठ ओरडतो. भरावात लाकूड गेलं की पुढं जमीन खचते."

"नाही म्हटलं ना."

मी आठही पोती खड्ड्यात लोटली आणि घरी आलो. वडिलांना काही बोललो नाही. त्यांना जेवण भरवलं, तोंड पुसलं. त्यांनी विचारलं, "काम कुठं चाललंय?" मी म्हणालो, "असंच एक." त्यांनी पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंकडे पोचलो तर गेटबाहेर एक महागडी गाडी उभी होती आणि पायरीखाली चपला काढून एक पन्नाशीचा गृहस्थ हात बांधून उभा होता. त्याच्या पायाशी माझी दोन पोती होती.

मी जे पाहिलं नव्हतं ते मला तेव्हा दिसलं. बाईंना माहेरून दरवर्षी तांदूळ येतो, आणि कुणाचं पोतं कुणाला जाऊ नये म्हणून तिकडे पोत्यावर काळ्या शाईनं नाव घालतात. दोन्ही पोत्यांवर ठसठशीत लिहिलं होतं: श्रीमती इंदुमती देवरे, शिक्षक कॉलनी, नाशिक. मी राडारोडा टाकला नव्हता, पत्ता घालून पाठवला होता.

"हा कैलास बोरस्ते," बाई मला म्हणाल्या. "माझ्याकडे तिसरीला होता. मागचा प्लॉट त्याचा आहे."

"बाई, रागावू नका," बोरस्ते म्हणाला. "विटांचं काही नाही. पण दोन पोत्यांत लाकूड निघालं. चुकून आलं असेल. म्हटलं, बाईंची वस्तू बाईंना द्यावी."

"चुकून नाही. वाळवी लागली म्हणून टाकलं. माझ्या वडिलांचं सागवान होतं."

बोरस्तेनं पोत्यातून एक तुकडा काढला, उन्हात धरला आणि हसला. त्याची लाकडाची वखार होती, हे मला नंतर कळलं. ते आधी कळून उपयोगही नव्हता.

"सागवान कुठलं, बाई? आंबा आहे हा."

"काय?"

"आंबा. शंभर टक्के. विचारा यांना. हे मिस्त्री आहेत ना?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"आंबाच आहे," मी म्हणालो.

बाई पायरीवर बसल्या. बोरस्ते घाबरला. पाणी आणू का, डॉक्टरांना बोलावू का, असं विचारत राहिला. बाईंनी त्याला हातानं जायला सांगितलं, तसा तो तिसरीतल्यासारखा निमूट निघून गेला.

"तुळशीराम," बाई म्हणाल्या. "तुळशीराम मिस्त्री. त्यानंच केल्या होत्या या खिडक्या. मी बाळंतपणाला माहेरी गेले होते. परत आले तर खिडक्या बसलेल्या, वर रंग मारलेला. मी विचारलं, सागवानाला पॉलिश करतात, रंग कशाला? आमचे हे म्हणाले, पश्चिमेचं ऊन लागतं. मला पटलं." त्यांनी पोत्यांकडे बघितलं. "आणि तो माणूस दर दोन वर्षांनी यायचा. न बोलावता. पावसाळ्याआधी डबा घेऊन यायचा आणि चारी चौकटींच्या भेगांत लांबी भरून रंग देऊन जायचा. मजुरी घेत नसे. मी सगळ्यांना सांगायची, असा प्रामाणिक कारागीर बघितला नाही. पाच वर्षांपासून यायचा बंद झाला."

"आणि चौकटी कुजल्या," मी म्हणालो.

"कुजणारच. आता कळलं, का येत होता. माझं सागवान चोरलं, आणि चोरी उघडी पडू नये म्हणून वरून रंग फासत राहिला. चोर!"

हा शब्द त्यांनी फार हळू उच्चारला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"शोधून काढा त्याला," त्या म्हणाल्या. "तुम्ही सुतार आहात, सुतारांना एकमेकांचं माहीत असतं. जिवंत असेल तर मला त्याच्या तोंडावर विचारायचंय."

"शोधतो," मी म्हणालो.

शोधायला मला वीस मिनिटं लागली. पंचवटीत आमच्या घरात, खिडकीशेजारच्या खाटेवर ते पडलेले होते. मी चप्पलही काढली नाही.

"शिक्षक कॉलनी," मी म्हणालो. "देवरे."

वडिलांचा डावा डोळा अर्धवट मिटलेला असायचा. उजव्या डोळ्यानं त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"चौकट काढली का?"

"काढली. खूण बघितली. आंबा बघितला. बाईंनीपण बघितला. चोर म्हणाल्या तुम्हाला."

"बरोबरे."

"काय बरोबरे? सागवान कुठे गेलं? विकलं?"

"पाणी दे."

मी पाणी दिलं. त्यांना बोलायला वेळ लागायचा, एक शब्द जुळवून मग दुसरा. त्या दिवशी त्यांनी जेवढं सांगितलं, तेवढं पाच वर्षांत बोलले नव्हते.

"देवरे भाऊसाहेब, बाईचे यजमान, जंगलखात्यात हेडक्लार्क व्हते," ते म्हणाले. "ट्रक आला. आम्ही दोघांनी पेंढा काढला. असं लाकूड, सोपान! हात लावला तर सोन्याला लावल्यासारखं. मी खूश. भाऊसाहेब मात्र एकेका ओंडक्याचं टोक बघत चाललेले. सगळी बघून झाली, आन् खालीच बसले."

"का?"

"शिक्का नव्हता. सरकारी हातोड्याचा शिक्का असतो टोकाला. एकावर पण नव्हता. वाहतुकीचा पास नाही, काही नाही. सासऱ्यानं सरकारी जंगलातून तोडलेलं. पोलीसपाटील माणूस. पेंढा घातला तो तपासणीच्या नाक्यावर दिसू नये म्हणून."

मी खाटेच्या कडेला बसलो.

"मग परत पाठवायचं."

"परत जाताना नाके लागत नाहीत व्हय?"

"खात्यात जमा करायचं."

"जमा करायचं तर कुठून आलं ते लिवायला लागतं. सासरा आत गेला असता. भाऊसाहेबांची नोकरी गेली असती. बाई पोटुशी. माहेरी, त्याच बापाच्या घरी."

"मग केलं काय त्याचं?"

"जाळलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सरपणाएवढे तुकडे केले मी. अकरा दिवस लागले. भाऊसाहेबांनी थंडीभर बंबात घातले. बाई पोरगी घेऊन परत आली, तेव्हा त्या पोरीच्या आंघोळीचं पाणी आजोबाच्या सागवानावरच तापत व्हतं." त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. "तसलं लाकूड पुन्हा बघितलं नाही मी. रंधा मारायचा सोडून त्याला कुऱ्हाड मारली. भाऊसाहेबांची ऐपत आंब्याची व्हती. आंबा बसवला."

"हे मी उद्या बाईंना सांगणार."

"काय सांगशील? तिचा बाप चोर व्हता म्हणून?"

"नाहीतर माझा बाप चोर ठरतोय!"

"ठरू दे."

"मला नाही चालणार. गावभर होईल. तुमचं नाव घेऊन जगतोय मी."

"काम माझं व्हतं. तू मधी बोलू नको. मीच बदललं म्हणून सांग." मग दमून त्यांनी डोळे मिटले.

मी मनाशी ठरवलं होतं की खरं तेच सांगायचं. मेलेल्या पोलीसपाटलासाठी माझ्या जिवंत बापानं शिव्या का खाव्यात? सकाळी बाईंकडे जाताना सायकलवरून वाक्यं जुळवत गेलो. 'बाई, तुमच्या वडिलांनी' इथून सुरुवात करायची, की 'बाई, तुमच्या यजमानांनी' इथून, एवढंच राहिलं होतं.

बाईंनी भिंतीवरचा वडिलांचा फोटो खाली उतरवला होता आणि तो ओल्या फडक्यानं पुसत बसल्या होत्या. फेट्यातला, मोठ्या मिशांचा माणूस.

"झोप नाही लागली," त्या म्हणाल्या. "बाबांची माफी मागत होते. त्यांनी एवढ्या मायेनं दिलं, आणि मला राखता आलं नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्या काडीला हात लावला नाही, मिस्त्री. सबंध गाव सांगेल." मग मान वर करून म्हणाल्या, "सापडला का तो?"

मी त्या फोटोकडे बघितलं. काय सांगू, मला त्या माणसाचा भयंकर राग आला. त्याहून जास्त राग बाईंच्या हातातल्या फडक्याचा आला, इतकं हळू ते फिरत होतं.

"सापडला," मी म्हणालो. "माझे वडील आहेत ते. त्यांनीच बदललं."

फडकं थांबलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"परवा खूण बघितली तेव्हापासून."

"म्हणून पोती टाकायची घाई."

"हो."

"जिवंत आहेत?"

"आहेत. पाच वर्षांपासून अर्धं अंग गेलंय. बोलायला त्रास होतो."

बाईंनी फोटो भिंतीला टेकवून ठेवला. मग त्यांनी वर्गात शिक्षा सांगावी तसं सांगितलं. चारही खिडक्या त्या दुसऱ्या सुताराकडून करून घेणार होत्या. मी म्हणालो, बरोबर आहे. ती दोन पोती मी उचलून न्यायची होती. मी म्हणालो, नेतो.

"आणि त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "मी माफ केलंय. आता या वयात काय विचारायचं त्यांना? माझे वडील असते तर त्यांनीही माफ केलं असतं. दुसऱ्याच्या चुकीचा ते राग धरत नसत."

मी ओठ आवळून धरले. तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं, सांगता येत नाही. पोती सायकलला बांधली आणि ढकलत घरी आलो. सबंध रस्ता माझ्या डोक्यात एकच होतं: चोराच्या लेकीनं माझ्या बापाला माफ केलं, आणि ती माफी मी ओझ्यासारखी वाहून नेतोय. वडिलांना हे सांगायचंच नाही, असं मी दारापर्यंत म्हणत होतो. पण त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय म्हणाली?"

"माफ केलं म्हणाल्या तुम्हाला," मी तुटकपणे म्हणालो. "काही कारण नसताना."

मला वाटलं होतं ते हसतील. निदान 'बरं' म्हणून भिंतीकडे तोंड करतील. त्यांचा चालता हात मात्र चादरीवरून उठला, कपाळापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. ते लहान मुलासारखे रडत होते. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"दादा, तुम्ही काही केलं नव्हतं," मी म्हणालो. "तुम्हाला कशाची माफी?"

"आंबा व्हता तो, सोपान," ते म्हणाले. "दर खेपेला ती चहा घेऊन यायची. चौकटीवरनं हात फिरवायची आन् विचारायची, मिस्त्री, सागवान कसंय माझं? तीस वर्षं मी तिच्या तोंडावर म्हणालो, झकास आहे."